अक्काला न येणारा वास

शेवटची आली तेव्हा अक्कानं चहाचा कप हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून क्षणभर तसाच धरला आणि मग पहिला घोट घेतला. तिला वास येत नव्हता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला तो परत आलाच नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही कप आधी नाकाशीच जायचा. मी एकदा चिडवलंही होतं, "अक्का, कुलूप लावलेल्या घराची कडी किती दिवस वाजवणार?" तर म्हणाली, "आतलं माणूस झोपलेलं असलं तर?" त्या दिवशी तिनं माझ्या लेकीला, वैष्णवीला विचारलं, "सांग गं, आलं पडलंय का गवती चहा?" वैष्णवीनं आपला कप हुंगून सांगितलं, "दोन्ही, आत्या. आन् दूध जरासं करपलंय." अक्का माझ्याकडे बघून हसली. शेतात तुरी फुलावर होत्या. दुपारी आम्ही तिला सोडायला ताडकळसच्या स्टँडवर गेलो, तेव्हा गाडीची वाट बघता बघता ती म्हणाली, "शोभा, तुझी एक वस्तू माझ्याकडं हाय. देते म्हणते आन् राहून जातंय. तिच्यात काही उरलंय का न्हाई, हे आता मला कळायला मार्ग न्हाई. पुढच्या खेपेला आणते. वैषू सांगंल." कसली वस्तू, म्हणून विचारते तोवर परभणीची गाडी लागली. खिडकीतून तिनं नुसता हात हलवला...

पुढची खेप आलीच नाही. मी शिकवते त्या शाळेत मधली सुट्टी व्हायची होती, तेवढ्यात तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली बघून त्यांनी आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं होतं. झोपेतच गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. उत्तरकार्य झालं, माणसं आली आणि गेली. आता दीड महिना होत आला. हे लिहायला बसलेय, कारण त्या वस्तूचा उलगडा झालाय, आणि जिला तो सांगायला मी धावत गेले असते ती अक्काच नाही. खरं सांगायचं तर मला तिचा रागही येतो. इतकी टापटिपीची बाई, सगळं वेळच्या वेळी करणारी, आणि नेमकं हेच तेवढं राहू दिलं!

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, निर्मला. परभणीच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मी नवी नवरी म्हणून ताडकळसला आले, त्या दिवशी बायका माझं तोंड बघत होत्या, दागिने बघत होत्या. ही बाई पुढे आली, माझा हळदीचा हात उचलून नाकाशी नेला आणि म्हणाली, "हळद वसमतकडची वाटती." माझं माहेर वसमतजवळच. मी मनात म्हटलं, झालं, एक नणंद, तीही अर्धवट! पुढे कळलं की ती सगळंच असं हुंगायची. नवं पुस्तक, धान्याचं पोतं, पावसात भिजून आलेली छत्री. उत्तरपत्रिका हुंगून हा पोरगा पानपट्टीवरून थेट परीक्षेला आला, हे सांगायची. घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे, आणि वर्षभरात मलाही वाटेनासं झालं.

तिच्या या नादाचं मूळ गोठ्यात होतं. ती लहान असताना घरच्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस हंबरून हंबरून हैराण झाली आणि दूध चोरू लागली. तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आमच्याकडे पूर्वी करत तसं केलं. मेलेल्या रेडकाचं कातडं ठेवून घेतलं आणि दुसऱ्या एका पोरक्या रेडकाच्या पाठीवर ते बांधून त्याला म्हशीपुढे उभं केलं. म्हैस आधी बिथरली. मग हुंगू लागली, मग चाटू लागली आणि पान्हवली. काही दिवसांनी कातडं काढलं तरी तिनं त्या रेडकाला दूर केलं नाही. सासूबाई यात तरबेज होत्या, गावातल्या बाया त्यांना बोलवायला यायच्या. अक्का सांगायची की त्या दिवशी सगळे म्हशीच्या कासेकडे बघत होते आणि ती एकटी म्हशीच्या नाकाकडे बघत होती.

ते नाक तिनं सोडलं नाही. परभणीला शिकली आणि पुढच्या संशोधनासाठी हैदराबादला गेली. विषय होता माणसाची काही जनुकं. गावात कुणी विचारलं, की कापसाचं उदाहरण द्यायची. बोंडअळीसाठी आपण शेतात सापळा लावतो, त्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी असते, त्या वासाला भुलून नर येतो आणि अडकतो. एका जिवानं दुसऱ्या जिवाला वासातून धाडलेला असा निरोप म्हणजे फेरोमोन. पुष्कळ जनावरांच्या नाकाच्या तळाशी हा निरोप घेणारं एक वेगळं इंद्रिय असतं, आणि निरोप पकडणारी प्रथिनं कशी घडवायची ते जनुकांत लिहिलेलं असतं. उंदरात अशी जनुकं ढिगानं सापडतात. माणसातही ती आहेत, पण बहुतेक मोडलेली. कुठं अक्षरं गळलीत, कुठं मधेच पूर्णविराम येऊन पडलाय. शाबूत राहिलीत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एकाचा माग काढण्यात अक्कानं तारुण्यातली वर्षं घातली. ते जनुक माणसाच्या नाकातल्या आतल्या अस्तरात जागं असतं, एवढं दिसत होतं. ते तिथं करतं काय, याचं उत्तर मिळालं नाही. वडील अंथरुणाला खिळले तशी ती परत आली, परभणीला नोकरी धरली, आणि प्रश्न तसाच राहिला. त्याचं तिला वाईट वाटत असणार, पण बोलायची नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "आहे म्हणायला पुरावा न्हाई, न्हाई म्हणायला बी न्हाई." पुरावा हा तिचा लाडका शब्द. घरात कुणी कुणाबद्दल काही बोललं की अक्काचा पहिला प्रश्न, पुरावा काय?

वर्गात मात्र वेगळीच असायची म्हणे. म्हैस माजावर आली की रेडा हुंगून मान वर करतो आणि वरचा ओठ उलटा फिरवतो, हसल्यासारखा. तो हसत नाही, वास त्या खास इंद्रियापर्यंत ओढून घेतो. हे शिकवताना अक्का सबंध वर्गासमोर मान वर करून तसा ओठ फिरवून दाखवायची. तिच्या उत्तरकार्याला आलेला एक विद्यार्थी, आता स्वतः जिंतूरला शिक्षक असलेला, हे सांगता सांगता हसला आणि हसता हसता त्याचा बांध फुटला.

आता माझ्याबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय अक्का कळायची नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला मुलगा झाला. त्याच्यासाठी पिवळ्या मऊ कापडाचं झबलं मी स्वतः हातानं शिवलं होतं. तो बारशापर्यंत राहिला नाही. त्यानंतर पुन्हा मूल व्हायचं नाही, असं दवाखान्यात सांगितलं. त्यावर मी काही लिहू शकत नाही, आजही नाही. दोनेक वर्षांनी आम्ही दोघांनी विचार करून शिशुगृहातून रीतसर मुलगी दत्तक घेतली. वैष्णवी. घरी आली तेव्हा रांगायला लागली होती.

मी तिचं सगळं करत होते. न्हाऊ-माखू, दूध, औषध, कशात उणं नाही. पण ते मी शाळेतल्या वर्गाचं करावं तसं करत होते. ती झोपली की मी भिंतीकडे तोंड करून पडत असे. ती आपली होईल का, मी तिची होईन का, याची मला इतकी भीती वाटायची की तिच्या डोळ्यांत बघायचंच मी टाळत होते. ह्यांना हे कळत नव्हतं. सासूबाईंना कळलं. आयुष्य गोठ्यात गेलेलं, त्यांना ही लक्षणं ओळखीची होती. एक दिवस त्या वैष्णवीला न्हाऊ घालून, तीट लावून घेऊन आल्या आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या अंगात ते पिवळं झबलं होतं. छातीवर फार आवळलं होतं, कारण ते नुकत्या जन्मलेल्या बाळाचं. मला वाटत होतं की ते त्याच्याबरोबर गेलं. सासूबाईंनी ते न धुता, माझ्याच लग्नातल्या शालूत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं...

मी ओरडले. "मी काय म्हैस हाय का? म्हैस हाय का मी?" लेकरू घाबरून रडायला लागलं. सासूबाईंना काय चुकलं तेच उमगेना. त्या म्हणाल्या, "शोभे, ह्याचं त्याला लावलं की माय पान्हवती, माझी अक्कल तेवढीच. लेकरू तुझ्याकडं बघायलंय आन् तू भिताडाकडं... मला बघवंना गं माय." आणि त्याही रडायला लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत अक्का आलेली होती. ती आली, वैष्णवीला उचललं, झबल्याचे बंद सोडवून ते हलक्या हातानं काढलं आणि लेकराला आपल्या पदरात गुंडाळलं. झबलं कुठं ठेवलं ते मी बघितलं नाही आणि पुन्हा कधी विचारलंही नाही. ती आईवर रागावली नाही, मला समजावायला बसली नाही. आधी आईला पाणी दिलं, मग मला.

दुपारी सगळं निवल्यावर ती माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "आईचं चुकलं, पण दुष्टाव्यानं न्हाई चुकलं. तिला जी रीत ठावं होती ती तिनं तुला लावली." मग पुढे म्हणाली, "म्हशीला दुसरीचं लेकरू द्यायचं तर फसवावं लागतं, शोभा. तिचं नाक आपलं-परकं वाचतं. तुझ्या-माझ्यातली ती जनुकं बहुतेक मोडून पडलीत. लय जुनी गोष्ट हाय, माणूस माणूस व्हायच्या आधीची. म्हणून तुला फसवायची गरज न्हाई, आन् फसवून जमायचं बी न्हाई. तुला हे जाणूनबुजून करावं लागंल."

"आणि नाही जमलं तर?"

"जमंल."

"पुरावा काय?" मी विचारलं. तिचाच शब्द तिच्या अंगावर फेकला मी, रागानं.

मग म्हणाली, "न्हाई. पुरावा न्हाई. म्हैस रेडकाला नेमकी कोणत्या नाकानं ओळखती, याच्यावरच अजून एकमत न्हाई. साध्या नाकानं आपल्याला बी लेकराचा वास येतो की. जनुकं मोडली म्हणून माणूस परक्याला जवळ घेतो, असं मी वर्गात कधी सांगणार न्हाई. पण तुला सांगते." माझ्या माहितीत आयुष्यभरात अक्का पुराव्याशिवाय एवढंच एक बोलली, आणि ते माझ्यासाठी बोलली.

त्यानंतर ती दर रविवारी परभणीहून यायची. वैष्णवीला न्हाऊ घालताना तेलाची वाटी माझ्या हातात द्यायची आणि टाळूवर तेल घालायला मलाच लावायची, "माझे हात गार हायत" म्हणून. तिचे हात चांगले कोमट असायचे. मला ते कळत होतं आणि कळतंय हे तिलाही कळत होतं. तेल जिरेपर्यंत हात टाळूवर ठेवावा लागतो. लेकराची टाळू हाताखाली उडत असते, आणि तेवढा वेळ तरी भिंतीकडे बघता येत नाही. नेमकं कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की एका आठवडी बाजारात वैष्णवी कडेवर होती आणि भाजीवाली म्हणाली, "लेकीचं नाक मायवर गेलंय बगा." मी तिला काही सांगितलं नाही. कोथिंबीर घेतली, पुढे आले आणि बाजाराच्या मध्यावर लेकीच्या केसांत तोंड खुपसून उभी राहिले. घरी येऊन अक्काला फोन केला. ती खळखळून हसली. "शास्त्राच्या हिशोबानं साफ चूक," म्हणाली, "पण त्या बाईला सांगू नको."

वैष्णवीला पहिल्यापासून सगळं खरं सांगायचं, हा अक्काचाच हट्ट. त्यामुळे आपण कुठून आलो ते तिला ठाऊक आहे, आपल्या आधी एक भाऊ होता हेही. झबल्याचं मात्र कुणीच कधी बोललं नाही. सासूबाई गेल्या आणि ते माहीत असलेल्या आम्ही दोघीच उरलो.

मग कोरोना आला. अक्का त्यातून वाचली, पण वास गेला. दवाखान्यातून फोनवर म्हणाली, "प्रयोगशाळा बंद पडली गं." त्यापलीकडे तक्रार नाही. मला मात्र फार लागलं. ज्या बाईनं जन्म नाकाच्या अभ्यासात घातला, तिचंच नाक जावं? तेव्हापासून वैष्णवी तिचं नाक झाली. अक्का आली की दोघी अंगणात बसायच्या. अक्का म्हणायची, "सांग," आणि ही डोळे मिटून सांगायची. कुणाच्या तरी घरी तुरीच्या शेंगा उकडायल्यात. शेजारच्या भिंतीला नवा रंग दिलाय. आजोबांच्या जुन्या कोटाला डांबरगोळ्या आन् तंबाखू. नुसतं छान किंवा घाण म्हटलेलं अक्काला चालायचं नाही, कशाचा ते सांगावं लागे. चुकलं तर परत हुंगायला लावायची. शेवटी शेवटी म्हणायची, "वैषूचं नाक खोटं बोलत न्हाई." पुराव्यासाठी जन्मभर अडून बसलेल्या बाईकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नव्हतं.

मागच्या रविवारी आम्ही तिचं घर आवरायला परभणीला गेलो. हे बाहेरच्या खोलीत पुस्तकं बांधत होते. आत मी आणि वैष्णवी. कपाटाच्या खालच्या खणात, लोकरीच्या शालीखाली, कॉलेजात नमुने ठेवायला वापरतात तसली जाड पारदर्शक पिशवी होती. तोंड दोनदा दुमडून वर चिकटपट्टी लावलेली. जुनी पिवळी पडलेली पट्टी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर आणखी एक. सैल पडेल तशी ती वर नवी लावत आली होती. आत पिवळं कापड होतं. मी खालीच बसले.

"काय हाय गं, आई?" वैष्णवीनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं, म्हशीपासून. ते तिच्या अंगात थोडा वेळ होतं हेही, आणि मी ओरडले हेही. वाटत होतं, आता हिला कळेल की आपण कुणाच्या तरी जागेवर आलो, कुणाचं तरी कातडं पांघरून. सोळा-सतराचं वय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "उघड."

"नको. आत काही उरलं असलं तर उडून जाईल."

"आत्या म्हणली होती ना, वैषू सांगंल म्हणून."

मी पट्ट्या सोडवल्या. आधी मीच नाकाशी धरलं. प्लास्टिकचा वास आला. दुसरा कसलाच नाही. पुन्हा धरलं. काही नाही. इतकी वर्षं मी या वासाची वाट बघत होते, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तो नव्हता. मी झबलं मांडीवर ठेवून रडले. लेकीनं मला रडू दिलं. मग तिनं ते उचललं, आत्यासारखे डोळे मिटले आणि बराच वेळ नाकाशी धरून राहिली.

"बाळाचा मला नाही सांगता यायचा, आई," ती म्हणाली. "मी त्याला कधी भेटलेच न्हाई. पण ह्याला तुझा वास येतोय."

"माझा कसा येईल? तुला काहीतरी वाटतंय."

तिनं डोळे उघडले. चिडली होती. "मला काय तुझा वास कळत न्हाई का?"

अक्का असती तर म्हणाली असती, सोळा वर्षांची बंद पिशवी, शालूत ठेवलेलं कापड, हुंगणारं नाक एकच आणि तेही घरचं. पुरावा म्हणून हे चालायचं न्हाई. एवढं बोलून तिनं चहा मागितला असता, कप नाकाशी नेला असता, आणि डोळे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटून ठेवले असते.

वैष्णवीनं झबलं घडी करून परत आत ठेवलं, पिशवीचं तोंड तसंच दोनदा दुमडलं आणि अक्काच्या चिकटपट्ट्यांवर आपली एक पट्टी लावली.